टायर दगडासारखा कडक नको
रोड बाइकचा टायर अंगठ्याने दाबल्यावर दगडासारखा लागला की सायकल पळणार, हा समज सोडा. आपल्याकडच्या खडबडीत डांबरावर असा टायर नुसता उड्या मारतो. पायांचा जोर त्यातच वाया जातो, तळहात बधिर होतात ते वेगळंच. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर सरळ २८ मिमी रुंदीचा टायर घाला. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर पुढे ६५, मागे ७० पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात करा. मागच्या चाकावर भार जास्त असतो. पावसात पाचेक पीएसआय कमी. फार उतरवू मात्र नका, खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही.