ऑफिसच्या कॉम्प्युटरला दोन मॉनिटर जोडताना

दुसरा मॉनिटर मागवण्याआधी कॉम्प्युटरवरचे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, नीट पाहून घ्या. पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच टळतात.

डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) असेल, तर मागे दोन ठिकाणी व्हिडिओ पोर्ट दिसतात. यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टांजवळचे मदरबोर्डचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाचे, त्यांच्यापासून अलग पट्टीवर असलेले कार्डाचे. दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडा. कार्ड बसवलं की बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्डचा व्हिडिओ आपोआप बंद होतो. त्यामुळे एक केबल इथे आणि एक तिथे लावली, की एका स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ येत राहतं आणि संशय मात्र मॉनिटरवर जातो.

लॅपटॉपला बहुधा एक एचडीएमआय आणि एक-दोन यूएसबी-सी पोर्ट असतात. पण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखाच चित्र नेणारा दुसरा प्रकार) किंवा थंडरबोल्टचं (वेगवान यूएसबी-सी पोर्टचा प्रकार) चिन्ह असेल तर जातं. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात खात्री करा. साध्या एम१ किंवा एम२ चिपचं मॅकबुक असेल, तर ते थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं. दुसऱ्यासाठी डिस्प्लेलिंकचा डॉक (यूएसबीवरून मॉनिटर चालवणारा जोडखोका) आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो.

एचडीएमआय स्प्लिटर यासाठी घेऊ नका. तो एकाच सिग्नलच्या दोन प्रती काढतो, म्हणजे दोन्ही स्क्रीनवर तेच चित्र दिसतं आणि कामाची जागा तसूभरही वाढत नाही. कन्व्हर्टर घेताना दिशा पाहा. कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल, तर साधी केबल बहुतेक वेळा चालते. उलट दिशेने ती चालत नाही. तिथे स्वतःची वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो.

४के (३८४० × २१६० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके) मॉनिटरवर माऊस अडखळत सरकत असेल, तर रिफ्रेश रेट पाहा, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते; तो हर्ट्झमध्ये मोजतात. एचडीएमआय १.४ चा पोर्ट ४के चित्र ३० हर्ट्झलाच देतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवा. एचडीएमआय वापरत असाल तर केबलही ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या.

टेबलावरची मांडणी कामावर ठरते. एकाच स्क्रीनवर जास्त काम असेल तर ती नाकासमोर ठेवा आणि दुसरी बाजूला, आपल्याकडे थोडी वळवून. दोन्हींचा वापर सारखाच असेल तर त्यांची जोड समोर येऊ द्या. अंतर साधारण हातभर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला मान मागे टाकावी लागते. मॉनिटर अधांतरी धरणारा आर्म घेणार असाल तर मॉनिटरच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मोजा. ते बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर असतं.

आता विंडोजमधलं काम:

१. विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ (दोन्ही स्क्रीन मिळून एकच मोठी जागा) निवडा.
२. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जा. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा नंबर येतो.
३. नंबरांचे चौकोन टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे ओढून लावा आणि ‘अप्लाय’ करा.
४. मुख्य स्क्रीनचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’वर टिक करा.
५. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये दोन्ही मॉनिटरचा रिफ्रेश रेट तपासा.

तिसऱ्या पायरीला घाई नको. समजा एक मॉनिटर १९२० × १०८० पिक्सेलचा आणि दुसरा २५६० × १४४० चा आहे. चौकोनांच्या खालच्या कडा जुळवल्या, तर मोठ्या स्क्रीनच्या वरच्या ३६० पिक्सेल-ओळींना शेजार उरत नाही. तिथून माऊस पलीकडे न्यायला गेलात की तो भिंतीला टेकल्यासारखा अडू शकतो. यात बिघाड काहीच नाही. ज्या उंचीवर माऊसची सर्वाधिक ये-जा असते, तिथे चौकोन एकमेकांना भिडतील असे सरकवा.

मॉनिटर वेगळे असले की अक्षरांचा आकारही वेगळा दिसतो. २४ इंची १०८०पी (१९२० × १०८०) स्क्रीनवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात, २७ इंची ४के वर सुमारे १६३. म्हणून ४के ला स्केल, म्हणजे अक्षरं-चिन्हं मोठी दाखवायचं प्रमाण, १५० टक्के ठेवावं लागतं, आणि काही जुने प्रोग्राम तिथे धूसर दिसतात. नव्याने खरेदी होणार असेल तर दोन्ही एकाच मॉडेलचे मागा. रंग, उंची, अक्षरं सगळं एका झटक्यात जुळतं.

दुसरी स्क्रीन दिसतच नसेल, तर आधी मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का ते पाहा. मग दोन मॉनिटरच्या केबल आपसात बदला. काळी स्क्रीन जागची हलली नाही तर मॉनिटरच पाहा. हलली तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसत असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हरच बसलेला नाही. ऑफिसच्या मशीनवर तो आयटी विभागाकडून बसवून घ्या. डिस्प्लेपोर्टची केबल काढताना वरची कळ दाबा. बऱ्याच केबलना आत पोर्टला धरून ठेवणारा हूक असतो, हिसडा दिला तर पोर्ट तुटतो.

मॉनिटर काढल्यावर एखादी खिडकी अडकून राहिली, म्हणजे टास्कबारवर दिसते पण स्क्रीनवर नाही, तर ऑल्ट-टॅबने ती निवडा. मग ऑल्ट आणि स्पेस, नंतर ‘एम’, आणि एकदा कोणतीही बाणाची कळ दाबून माऊस हलवा. खिडकी माऊसला चिकटून बाहेर येते.