वॉर्डातून स्वतःच्या खोलीत: या चुका टाळा

नागपुरात मानकापूरकडच्या दोन खोल्यांच्या घरात तीन बाया राहायला आल्या. तिघींची मिळून पन्नासच्या वर वर्षं मनोरुग्णालयात, म्हणजे आम्ही म्हणतो त्या 'संस्थेत' गेलेली. पहिल्याच रात्री दीड वाजता मला फोन आला. "ताई, मावशी झोपून नाही राहिल्या. नुसत्या बसून आहेत." दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं मत पडलं की आजार उलटला, गोळी वाढवून आणू. ओपीडीत नेण्याआधी मी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "येवढ्या अंधारात झोप कशी येईन?" बावीस वर्षं त्यांच्या वॉर्डातला दिवा रात्री कधी मालवलाच नव्हता, आणि आजूबाजूला तीस-पस्तीस जणींचे श्वास. आम्ही झिरोचा बल्ब लावला, त्यांची खाट दुसरीच्या खाटेला लागून सरकवली. गोळी होती तेवढीच राहिली.

चूक: प्रत्येक गोष्टीला लक्षण समजणं

पहिल्या महिन्यात काही खटकलं की आधी हा प्रश्न विचारा: तिकडे हे कसं होत होतं? माणूस दाराशी उभा राहतो, आंघोळीला जात नाही? तिकडे आंघोळीची हाक येत असे. ताटातलं पाच मिनिटांत संपवतो? तिकडे ताट उचलून नेत. पोळी उशीखाली ठेवतो? रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत काही मिळत नसे. यातलं बहुतेक सवयीचं असतं आणि ते गोळीने जात नाही. डब्यात रात्री चार बिस्किटं ठेवा, उशीखालची पोळी आठ-पंधरा दिवसांत आपोआप थांबते.

याचा अर्थ डॉक्टरांना टाळा असा नाही. सलग तीन-चार रात्री डोळ्याला डोळा नाही आणि त्यासोबत जेवण सुटलं, स्वतःशी भांडण सुरू झालं, भीती वाढली, तर वाट पाहू नका. रात्री-बेरात्री कुणाला विचारावं कळेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

चूक: घर आपण ठरवणं

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. राज्यात अशी चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाबद्दल कायदा आता स्पष्ट बोलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. त्याचं कलम १९ सांगतं की घरचे नाहीत, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला आत ठेवता येणार नाही. अर्धनिवास (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम), सामूहिक घरं अशा सोयी उभ्या करणं ही सरकारची जबाबदारी.

हे कलम हातात आलं की कार्यकर्ते उत्साहात येतात आणि जिथे जागा मिळेल तिथे माणूस नेऊन बसवतात. तो तिथे रमत नाही, मग 'याला बाहेर जमतच नाही' असा शेरा बसतो. आधी जागा दाखवा. एकदा चहाला, एकदा जेवायला, मग एक रात्र मुक्कामाला. कायद्यात रुग्णाला रजेवर पाठवायची तरतूद आहे, ती याच कामाला वापरावी. कुणासोबत राहायचं नाही हेही विचारा. 'कुठे राहायचं' यापेक्षा त्याचं उत्तर फार लवकर मिळतं.

घरच्यांच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एक, भावाच्या हाता-पाया पडून, वहिनीचा चेहरा न पाहता माणूस त्यांच्या गळ्यात घालणं. चार महिन्यांत तो परत येतो, नाहीतर मागच्या खोलीत कडी लावून राहतो. दुसरं टोक उलटं. दहा वर्षं न फिरकलेला नातेवाईक एकाएकी न्यायला येतो. प्रेम असं उफाळून आलं की मी आधी सातबारा काढायला सांगते. हिश्शाचा प्रश्न असेल, राहत्या घरातला हक्क नाकारला असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. माणूस घरी जाण्याआधीच अर्ज करा, सही होऊन गेल्यावर नाही.

चूक: मे महिन्यात संस्थेतून सुट्टी (डिस्चार्ज)

हे खास आपल्या गावासाठी. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपतं, कागद हलतात आणि माणूस बाहेर पडतो तो बरोबर एप्रिल-मेच्या तडाख्यात. पारा पंचेचाळीसच्या आसपास, खोली स्लॅबखालची आणि अंगात अशा गोळ्या ज्यांचं उन्हाशी वाकडं आहे.

लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध चालू असेल तर घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चाल झोकांड्या खाते, बोलणं जड होतं. शेजारी म्हणतात दारू प्यायला. अशा वेळी पुढची गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा, रक्त तपासायचं. अंगदुखीसाठी मेडिकल स्टोअरमधून परस्पर घेतलेली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकसुद्धा लिथियम वाढवते. चैत्र नवरात्रात कोराडीच्या देवीला पायी जायचं म्हणून निर्जळ उपास धरणारी एक बाई मला माहीत आहे. देवीने सांभाळलं, पण सलाइन लावावं लागलं.

थरथर होऊ नये म्हणून देतात ती ट्रायहेक्सीफेनिडिल घाम कमी करते, त्यामुळे अंग तापत राहतं. क्लोरप्रोमाझिनवर असलेल्याची कातडी उन्हात भाजून निघते. म्हणून सुट्टीची तारीख शक्यतो पाऊस पडल्यावरची मागा. ते जमत नसेल तर कूलर, माठ, दुपट्टा आणि दुपारी बारा ते चार घरात, ही व्यवस्था आधी आणि सामानाची ट्रंक नंतर. कूलरमध्ये पाणी कोण भरणार हेही ठरवा. उगीच सांगत नाही, आमच्या एका घरात कोरडा कूलर चार दिवस गरम हवा फेकत होता.

ऊन नसलेल्या महिन्यातलीही एक गोष्ट यातच सांगते. क्लोझापिनवरचा माणूस बाहेर येऊन बिडी ओढायला लागला तर धुरामुळे रक्तातलं औषध कमी होतं, आणि सोडली तर वाढतं. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवा. खर्र्याने (तंबाखू-सुपारीच्या चघळायच्या मिश्रणाने) तसं होत नाही, कारण परिणाम धुराचा असतो. म्हणून खर्रा बरा असं कुणी समजू नये, तोंडाचं काय होतं ते मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅन्सर वॉर्डात जाऊन पाहावं.

चूक: कागद नंतर बघू

संस्थेतल्या रजिस्टरमध्ये नाव 'शांता', आधारवर 'शांताबाई', शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. यात सहा महिने जातात. क्रम असा ठेवा: आधार, बँक खातं, अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड, मग तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. लाभांसाठी साधारण ४० टक्के अपंगत्व लागतं.

अडतं कुठे? बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा डोळ्यांच्या बुबुळांवर नोंदणी करून मागा. आधारला भावाचा मोबाइल जोडलेला असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पैसेही हळूहळू त्याच्याचकडे. नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो. आणि निराधारचे पैसे अचानक थांबले तर आधी हयातीचा दाखला दिला होता का ते पाहा.

निरामय या आरोग्य विम्याच्या मागे धावू नका. तो राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, एकट्या मानसिक आजाराला लागू नाही.

चूक: पैसा आणि गॅस आपल्या हातात ठेवणं

काळजीपोटी आपण काडीपेटी लपवतो, पाकीट सांभाळतो. झालं, वॉर्ड घरात आला. एका काकांनी संस्थेतून येताना लंगोटीच्या गाठीत पाचशेच्या दोन नोटा आणल्या होत्या. जुन्या, नोव्हेंबर २०१६ ला बाद झालेल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने परत केल्या तेव्हा काकांना वाटलं तो फसवून राहिला. मोठा तमाशा झाला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शिकवायचं ते तिथल्या तिथे. वॉर्डात प्लॅस्टिकच्या भाज्या मांडून बाजार शिकवला तरी बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत त्याचा उपयोग नाही. रोज पन्नास रुपये द्या, सांभार-मिरच्या त्यांनाच आणू द्या. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या स्वयंसेविकेलाही एकदा सांगावं लागलं होतं. दहा रुपये जास्त गेले तर जाऊ द्या. मेट्रोचा सरकता जिना मात्र आधी चार वेळा सोबत चढा, पाय तिथे खरंच अडखळतो.

चूक: मोहल्ल्याला सगळं सांगणं

घरमालकाला भाडेकरार आणि तुमचा फोन नंबर द्या. निदान सांगायची गरज नाही, ती माहिती त्या माणसाची आहे. तक्रार आली तर वाद न घालता जाऊन भेटा. बहुतेक तक्रारी नळाच्या पाण्याच्या आणि मोठ्या आवाजातल्या टीव्हीच्या निघतात. आणि घर मारबतीच्या (पोळ्यानंतर निघणाऱ्या पुतळ्यांच्या) गोंगाटी मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर त्या दिवशी दुसरीकडे मुक्काम ठरवून ठेवा.

चूक: पुन्हा भरती झाली की खोली सोडणं

आजार उलटेल. कधीतरी उलटेलच. माणूस स्वतःहून नाही तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून केलेली भरती (इंग्रजीत 'सपोर्टेड अॅडमिशन') पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवसांची असते, अनेकांना दोन आठवडे पुरतात. तेवढ्यात घर चालवणाऱ्या संस्थेने खाट दुसऱ्याला दिली किंवा मालकाने कुलूप बदललं, तर दोन आठवड्यांची दोन वर्षं होतात. म्हणून दोन महिन्यांचं भाडं वेगळं बाजूला ठेवा. बरं असतानाच त्यांच्याकडून पूर्वनिर्देश लिहून घ्या: कोणतं औषध नको, कुणाला बोलवायचं, नामनिर्देशित प्रतिनिधी (त्यांच्या वतीने बोलणारा) कोण.

मावशी मागच्या दिवाळीनंतर पंधरा दिवस भरती होत्या. जाताना खोलीची किल्ली त्यांनी मागून घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली. सिस्टरने काढून ठेवायला सांगितलं, तर म्हणाल्या, "माया घरची आहे." राहू दिली.