बाल्सम पॉपलरचं औषधी संशोधन: वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला जिन्यातच थांबवलं. "सर, कॅनडात शोध लागलाय म्हणे, पिंपळाच्या सालीनं साखर उतरते. आठ दिवस झाले काढा घेतेय. गोळी अर्धी केलीय." त्यांनी मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला. त्यातलं संशोधन खरं होतं, झाड मात्र दुसरंच होतं. 'पॉपलर' या शब्दाचं कुणीतरी 'पिंपळ' करून टाकलं होतं. मी त्यांना लगेच डॉक्टरांना फोन करायला लावला आणि गोळी पूर्ववत सुरू झाल्यावरच निश्चिंत झालो.

वनौषधी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. बाल्सम पॉपलरवर प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि त्याबद्दल वाचून काहीतरी घ्यायला निघालेली घरची माणसं, दोघांच्याही हातून त्याच त्या चुका होताना पाहतो. त्या टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणून लिहितोय.

नावावरून झाड ठरवणं

बाल्सम पॉपलर म्हणजे पॉप्युलस बाल्सामिफेरा. अलास्कापासून कॅनडाच्या पूर्वेपर्यंत, हिवाळ्यात गोठणाऱ्या नद्यांच्या काठानं वाढणारा, विलोच्या कुळातला वृक्ष. त्याच्या कळ्यांवर चिकट, सुगंधी राळ असते. अशा राळेला बाल्सम म्हणतात. पिंपळ वड-उंबराच्या घरातला, फांदी मोडली की पांढरा चीक येणारा. पानांच्या सळसळीपलीकडे या दोघांचं काही नातं नाही.

गोंधळ वाढवायला आपल्याकडे परस पिंपळ आहेच. कोकणात भेंडीचं झाड म्हणतात ते, पिवळ्या फुलांचं. त्याचं शास्त्रीय नाव थेस्पेसिया पॉप्युल्निया, म्हणजे पॉपलरसारखा. हे साम्य फक्त पानाच्या आकाराचं. झाड जास्वंदीच्या कुळातलं आहे. पिंपळ आणि परस पिंपळ या दोघांच्या साली आयुर्वेदाच्या पंचवल्कलात, म्हणजे पाच सालींच्या गटात, येतात आणि त्यांचा उपयोग त्या परंपरेत शिकावा, पण कॅनडातल्या निष्कर्षांचा आधार त्यांना लावू नये.

'बाल्सम' हा शब्दही तितकाच फसवा. पुण्याच्या रोपवाटिकेत बाल्सम मागितलंत तर तेरडा मिळेल, गौरींसाठी आणतो तोच. त्वचेच्या ॲलर्जीच्या चाचणीत 'पेरू बाल्सम' असतो, तो मध्य अमेरिकेतल्या मायरोझायलॉन नावाच्या झाडाचा. 'बाम ऑफ गिलियड' या नावानं पॉपलरच्या कळ्या विकल्या जातात, पण त्या नावाचा जुना धनी पश्चिम आशियातला कोमिफोरा, आपल्या गुग्गुळाचा सख्खा भाऊ. नाव एक आणि झाडं दोन, तेव्हा वर्णनं एकमेकांत मिसळतात.

वनस्पतिशास्त्रज्ञांतही एक मतभेद आहे, तो ठाऊक असावा. २००६ साली ज्या झाडाचा जनुकसंच सर्वांत आधी पूर्ण वाचला गेला ते पॉप्युलस ट्रायकोकार्पा. काही जण त्याला स्वतंत्र जाती मानतात, काही जण बाल्सम पॉपलरचीच उपजाती. त्यामुळे जुना निबंध वाचताना लेखकानं कोणती व्याख्या धरली आहे ते आधी पाहावं लागतं. विद्यार्थ्यांना मी सांगतो की वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण शास्त्रीय नाव, नमुना कुठून आला ती जागा आणि तारीख लिहा. इथल्या झाडाचा नमुना असेल तर कोरेगाव रोडवरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा आघारकर संस्थेत ओळख पटवता येते. आयात केलेल्या सुक्या कळीला ना पान असतं ना फूल. तिथे पुरवठादाराकडून झाडाची माहिती लेखी घ्यावी, नाहीतर काम सुरू करू नये.

सालीचा निष्कर्ष कळीला लावणं

ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. या झाडाच्या संशोधनात दोन ठळक धारा आहेत आणि त्या वेगवेगळ्या भागांवरच्या आहेत.

पहिली सालीची. क्युबेकच्या उत्तरेला, जेम्स उपसागराच्या भागात क्री हे तिथले मूळनिवासी लोक राहतात. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण फार वाढलं, तेव्हा माँट्रियल विद्यापीठातले पियेर हद्दाद आणि त्यांचे सहकारी क्री जाणकारांबरोबर बसले आणि त्यांच्या परंपरेतल्या वनस्पती एकेक करून तपासू लागले. त्यात बाल्सम पॉपलरच्या सालीचा अर्क लक्ष वेधून गेला. प्रयोगशाळेत उंदराच्या पेशींची चरबीपेशी होण्याची प्रक्रिया त्यानं रोखली. २०१० साली त्यामागचा सक्रिय घटक म्हणून सॅलिकॉर्टिन पुढे आलं. २०१२ साली चरबीयुक्त आहारानं लठ्ठ केलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात वजनवाढ कमी झाली आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला.

दुसरी धारा कळ्यांची. क्युबेकमधल्याच शिकुटिमी इथल्या विद्यापीठात कळ्यांच्या राळेतून नवी रसायनं वेगळी केली गेली, त्यांना बाल्साकोन हे नाव मिळालं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूविरुद्ध ती काचेच्या भांड्यात परिणामकारक ठरली.

म्हणजे साखरेचं काम सालीवर, जिवाणूंचं कळीवर. "बाल्सम पॉपलरचं तेल मधुमेहावर गुणकारी" असं कुठे वाचलंत तर दोन वेगळ्या कामांचं ते कडबोळं आहे. तेल कळ्यांचं असतं आणि सॅलिकॉर्टिन त्या तेलात उतरायचं नाही.

उंदरापासून थेट आपल्या ताटापर्यंत

वर दिलेले दोन्ही परिणाम पेशी, उंदीर आणि जिवाणू यांच्यावरचे आहेत. उंदराला किती मिलिग्रॅम दिलं त्याला माणसाच्या वजनानं गुणून मात्रा काढणारे विद्यार्थी मी पाहिलेत. तसं गणित चालत नाही. उंदराचा चयापचय वेगळा असतो, शिवाय अर्क प्रमाणित केलेला असतो आणि घरचा काढा तसा नसतो.

आणखी एक गफलत म्हणजे विलोची आकडेवारी पॉपलरच्या खात्यात टाकणं. २००० साली कंबरदुखीच्या २१० रुग्णांवर विलोच्या सालीच्या अर्काची चाचणी झाली. रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन (सालीतलं वेदनाशामक द्रव्य) घेणाऱ्या गटात चौथ्या आठवड्यात ३९ टक्के लोक वेदनामुक्त होते, १२० मिलिग्रॅमच्या गटात २१ टक्के आणि नकली औषध घेणाऱ्यांत ६ टक्के. अभ्यास चांगला आहे, पण तो विलोचा आणि त्या विशिष्ट अर्काचा आहे. पॉपलरच्या बाटलीवर हे आकडे छापलेले दिसले तर बाटली परत ठेवा.

'नैसर्गिक ॲस्पिरिन' म्हणून निर्धास्त होणं

माझ्या दृष्टीनं सर्वांत धोकादायक चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो.

पॉपलर आणि विलोच्या सालीतलं सॅलिसिन शरीरात गेलं की त्याचं शेवटी सॅलिसिलिक आम्ल होतं. ॲस्पिरिन म्हणजे त्याच आम्लाला ॲसिटिल गट जोडून १८९७ साली बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार केलेलं संयुग. नातं खरं आहे, पण सगळा खेळ त्या ॲसिटिल गटाचा. रक्तातल्या बिंबिकांमधल्या (प्लेटलेटमधल्या) विकराला (एन्झाइमला) तो कायमचा चिकटतो आणि ती बिंबिका जगेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, गुठळी करण्याच्या कामी कमी पडते. हृदयरोग्याला रोजची छोटी गोळी देतात ती यासाठी. सॅलिसिनकडे हा गट नाही. म्हणून "गोळीऐवजी साल घेतो" म्हणणारा हृदयरोगी स्वतःचं संरक्षण काढून घेतो.

याच्या उलट बाजूही आहे. पुण्यात जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत डेंगीची साथ नेमानं येते. डेंगीत रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे ॲस्पिरिन आणि त्या जातीची वेदनाशामकं घेऊ नका असं डॉक्टर बजावतात आणि तापाला पॅरासिटामॉल देतात. सॅलिसिन असलेल्या सालीचा काढाही या दिवसांत टाळायलाच हवा. तापलेल्या मुलाला तर तो कधीच देऊ नये, कारण विषाणूजन्य तापात सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या वर्गातली द्रव्यं) आणि मुलांमधला रेय सिंड्रोम, म्हणजे मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर आजार, यांचा संबंध माहीत आहे. ॲस्पिरिननं दमा उठतो किंवा अंगावर गांधी येतात, रक्त पातळ करणारी औषधं सुरू आहेत, पोटात अल्सर आहे, दिवस गेलेले आहेत, अशांनी या झाडापासून लांब राहावं.

प्रोपोलिसच्या बाटलीत पॉपलर शोधणं

युरोपातल्या मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवायला प्रामुख्यानं काळ्या पॉपलरच्या कळ्यांची राळ गोळा करतात. तेच तिथलं प्रोपोलिस. म्हणून बहुतेक निबंधांत प्रोपोलिस आणि पॉपलर जोडीनं येतात. पण प्रोपोलिस त्या त्या प्रदेशातल्या झाडांवर अवलंबून असतं. ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचं असतं, त्याचं रसायन पूर्ण निराळं. आपल्या सह्याद्रीतली सातेरी माशी तर प्रोपोलिस जवळजवळ गोळाच करत नाही. तेव्हा "सातेरीचं शुद्ध प्रोपोलिस, पॉपलरच्या गुणांसह" असं कुणी सांगितलं तर त्या वाक्यात दोन चुका आहेत.

जर्मनीच्या कमिशन ई या औषधी वनस्पती समितीनं पॉपलरच्या कळ्यांना किरकोळ जखमा, उन्हानं भाजलेली त्वचा यांसारख्या तक्रारींवर बाहेरून लावण्यासाठी मान्यता दिली होती. तिथेही प्रोपोलिस, पेरू बाल्सम किंवा सॅलिसिलेट सोसत नसेल तर लावू नये अशी अट आहे. या राळेतले कॅफिक आम्लाचे एस्टर त्वचेवर पुरळ उठवण्यात पटाईत असतात. मलम लावल्यावर लाली वाढली, खाज सुटली तर "औषध काम करतंय" असं समजू नका. धुऊन टाका आणि पुन्हा लावू नका.

प्रयोगशाळेत अडलेल्यांसाठी

कळ्या मिक्सरमध्ये टाकल्या आणि पात्यांना डांबरासारखा गोळा बसला? राळ उबेनं मऊ होते. कळ्या रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, गोठलेल्याच थोड्या थोड्या दळा. भांडं पाण्यानं निघणार नाही, स्पिरिट वापरा.

काढ्यात काहीच उतरलं नाही? राळ पाण्यात विरघळत नाही, तिला साठ-सत्तर टक्के अल्कोहोल लागतं. सालीच्या बाबतीत अडचण वेगळी. सॅलिकॉर्टिन नाजूक आहे. ओव्हनमध्ये कडक वाळवलं, उकळलं किंवा द्रावण अल्कधर्मी झालं की ते तुटतं आणि हाती सॅलिसिन उरतं. मग क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर सॅलिकॉर्टिनचा ठिपका दिसत नाही आणि मुलं नमुन्याला दोष देतात. कमी तापमानात, निर्वातात वाळवा आणि अर्क फार दिवस साठवू नका.

एका वर्षी माझ्याच देखरेखीखाली एका गटानं एमटीटी चाचणी लावली. तिच्यात जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात, त्यावरून किती पेशी जिवंत आहेत ते मोजतात. अर्क जितका वाढवावा तितक्या पेशी जास्त जिवंत दिसत होत्या. आम्ही खूश झालो. नंतर पेशी न घालता नुसता अर्क तपासला तर तोही जांभळा झाला. अर्कातली पॉलिफेनॉलं स्वतःच त्या रंगद्रव्याचं क्षपण (रिडक्शन) करून ते जांभळं करत होती. तीन आठवड्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं आणि ती चूक माझी होती. पेशीविरहित नियंत्रण (तुलनेसाठीचा नमुना) आणि केवळ द्रावकाचं नियंत्रण ही दोन्ही पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. अँटिऑक्सिडंट गुण मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीचंही तसंच. फेनॉल असलेला कुठलाही अर्क तिच्यात चमकतो, चहासुद्धा. केवळ तेवढ्यावर 'औषधी गुण सिद्ध' असा निष्कर्ष लिहू नका.

माहिती कुणाची हे विसरणं

मराठीत या विषयावर लिहिताना "कॅनडातील शास्त्रज्ञांनी शोधलं" इथेच वाक्य संपतं. सालीचा उपयोग क्री वडीलधाऱ्यांनी सांगितला होता, त्यांच्याशी करार करून, त्यांच्या संमतीनं ते काम झालं. पुण्याच्या वाचकाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हळदीनं जखम भरते या आपल्या आजीच्या ज्ञानावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं गेलं, तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) प्रमुख होते आपल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर. निबंधाच्या आभारात, पोस्टरवर, भाषणात क्री लोकांचं नाव घ्या.

रोप मागवण्याआधी

दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, बाल्सम पॉपलरचं रोप पुण्यात कुठे मिळेल. मागवू नका. कडक हिवाळ्यातली झोप हा या झाडाच्या आयुष्याचा भाग आहे आणि आपल्या हिवाळ्यानं ती भागत नाही. परदेशातून रोप किंवा बी आणायचं तर वनस्पती संगरोधाचे २००३ चे नियम लागू होतात, पाकिटात घालून आणणं बेकायदा आहे. उत्तर भारतात प्लायवूडसाठी लावतात तो पॉपलर डेल्टॉइड्स जातीचा, त्यालाही हे संशोधन लागू करू नये.

या कुळातलं झाड जवळून पाहायचं असेल तर आपल्याकडे वाळुंज आहे, भारतीय विलो. मुळा-मुठेसारख्या नद्यांच्या आणि ओढ्यांच्या काठानं तो आपोआप वाढतो. काठ सिमेंटचे होत गेले तसा कमी होतोय. पावसाच्या सुरुवातीला त्याची बोटभर जाड फांदी ओल्या मातीत खोचली तर रुजते. मी गेल्या जूनमध्ये विद्यार्थ्यांबरोबर नऊ फांद्या लावल्या, त्यातल्या सहांना पालवी आहे.