को-ऑप गेम घेण्याआधी रिव्ह्यू वाचताय? या चुका टाळा

"दोघांना खेळता येत नाही बे, सोड."

२०२५ चा ऑगस्ट, सोलापुरातल्या सात रस्त्यावरचा चहा, आणि टॉवेलने दिलेला हा निकाल. (टॉवेल हे अर्थातच त्याचं नाव नाही. घरी टेरी टॉवेलचे माग आहेत, म्हणून शाळेपासून तो टॉवेल.) विषय होता 'एल्डन रिंग नाइटरेन', मिळून राक्षस मारायचा फँटसी गेम. मी आणि तो दोघंच खेळणार होतो, मावसभावाचं अजून नक्की नव्हतं. पुरावा म्हणून टॉवेलने मोबाइलवर एक रिव्ह्यू दाखवला. लांबलचक, नीट लिहिलेला, बऱ्याच जणांनी 'उपयोगी' म्हटलेला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो जूनच्या पहिल्या आठवड्यातला होता आणि दोघांचा मोड ३० जुलैच्या अपडेटमध्ये येऊन गेला होता.

एकट्याने खेळायच्या गेमचं मत म्हणजे एखाद्या हॉटेलातल्या थाळीचं मत. को-ऑप गेमचं, म्हणजे एकाच बाजूने मिळून खेळायच्या गेमचं, मत म्हणजे सहलीचं मत. सोबत कोण होतं, गाडी कुठली होती, रस्ता कसा होता, हे विचारल्याशिवाय "मजा नाही आली" याला काही अर्थ नसतो. गेल्या वर्षभरात आम्ही तिघांनी हे न विचारता जेवढ्या चुका केल्या, त्या खाली आहेत.

तारीख न बघता मत वाचणं

नाइटरेन ३० मे २०२५ ला आला, तेव्हा एकट्याने खेळा नाहीतर तिघांनी, असाच हिशेब होता. दोघं मित्र गेले की तिसरा अनोळखी गळ्यात पडायचा. एकट्याने खेळणाऱ्यांची तर पार वाट लागायची. पहिल्या दोन-तीन दिवसांतले रिव्ह्यू याच रागाने भरलेले आहेत. मग २ जूनच्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) एकट्या खेळाडूला रात्रीच्या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, लढताना एकदा आपोआप उठण्याची सोय मिळाली आणि जुलैअखेर दोघांचा मोड आला. पण जुने रिव्ह्यू जागच्या जागी राहतात. कोणी परत येऊन "आता ठीक आहे" असं लिहीत नाही. (रागावलेला माणूस लिहितो, समाधानी माणूस खेळत बसतो.)

स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) रिव्ह्यूंच्या वर एक आलेख असतो. त्यातल्या महिन्यावर क्लिक केलं की तेवढ्याच काळातली मतं दिसतात. 'रीसेंट' म्हणून जो निकाल दिसतो तो शेवटच्या ३० दिवसांचा. माझी पद्धत सोपी आहे. पहिल्या महिन्यातल्या तीन तक्रारी लिहून घ्यायच्या आणि अलीकडच्या महिन्यात त्या शोधायच्या. सापडल्या नाहीत तर त्या मिटल्या. वर्षभराने तीच तक्रार तशीच दिसली तर ती गेमच्या हाडात आहे असं समजायचं.

हाडातल्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणं

आमची सगळ्यात महागडी चूक ही. नाइटरेनमध्ये क्रॉसप्ले नाही, ही ओरड पहिल्या दिवसापासून होती. प्लेस्टेशनवाले प्लेस्टेशनवाल्यांबरोबर, पीसीवाले पीसीवाल्यांबरोबर. आम्ही ते वाचलंही होतं. तरी जुळे सोलापुरातल्या मावसभावाने हौसेने पीएस-५ वर गेम घेतला, आणि मग फोन केला, "तुझा आयडी सांग की!" माझ्याकडे लॅपटॉप, टॉवेलकडे पीसी. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की एरवी पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. चूक आमचीच. शेवटी त्याने दिवाळीत भावाचा जुना पीसी घेतला आणि गेम दुसऱ्यांदा. मावशीला अजून माहीत नाही.

को-ऑप गेम घेताना ग्रुपवर पहिला मेसेज हाच टाका: कोण कशावर खेळणार?

टक्के म्हणजे मार्क समजणं

स्टीमवर '८० टक्के पॉझिटिव्ह' दिसलं की आपल्या डोक्यात दहावीचा निकाल येतो. तसं ते नाही. शंभरातल्या ८० जणांनी अंगठा वर केला, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या एखाद्याने "चालतंय" म्हणून केला असेल, दुसऱ्याने जीव ओवाळून. स्टीमवर दुसरा पर्यायच नाही, अंगठा वर नाहीतर खाली. ४० ते ६९ टक्क्यांत 'मिक्स्ड' लिहून येतं. को-ऑप गेमच्या बाबतीत त्याचा अर्थ बऱ्याचदा "मित्र असतील तर घ्या, नसतील तर नका घेऊ" असा निघतो, आणि मग तो मिक्स्ड गेम तुमच्यासाठी फर्स्ट क्लासही असू शकतो.

टक्क्यांपेक्षा तास बघा. प्रत्येक मतावर दोन आकडे असतात: लिहिताना किती तास झाले होते आणि आजपर्यंत एकूण किती. तीन तासांनी अंगठा खाली करून "कचरा" लिहिणाऱ्याचे एकूण तास दोनशेच्या पुढे गेलेले मी स्वतः पाहिलेत. त्याच्या रागावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

कधी कधी तर मत गेमबद्दल नसतंच. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' या को-ऑप गेमवर अचानक दोन लाखांहून जास्त वाईट रिव्ह्यू पडले. गेम एका रात्रीत बिघडला नव्हता. पीसीवाल्यांनाही प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडावं लागेल असं सोनीने जाहीर केलं, आणि शंभराहून जास्त देशांत तसं खातं अधिकृतपणे काढताच येत नाही. काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. त्या लोकांचा राग रास्तच होता. पण भारतात ते खातं काढता येतं. लाल आलेख बघून जो सोलापूरकर तेव्हा थांबला, तो दुसऱ्याच्या अडचणीमुळे थांबला. (हेलडायव्हर्स फँटसी नव्हे, पण तो बनवणाऱ्या ॲरोहेड कंपनीचा २०११ चा 'मॅजिका' अस्सल जादूगारांचा को-ऑप आहे. त्यात आपलाच मंत्र मित्राला लागतो. भांडणाची हौस असेल तर जरूर खेळा.)

"टीममेट बिनडोक आहेत" हे वाचून घाबरणं

अनोळखी लोकांबरोबर खेळलेल्यांची ही ठरलेली तक्रार. खरी असते, पण तिच्यातला निम्मा भाग गेम न समजल्याचा असतो. आमच्या पहिल्या फेरीत मावसभाऊ आडवा पडला. टॉवेल धावत गेला, त्याच्या डोक्याशी उभा राहिला आणि कीबोर्डवरची एकेक कळ दाबून "उठवायचं बटण कुठंय बे?" विचारत बसला. बटण नाहीच! नाइटरेनमध्ये पडलेल्या मित्राला उठवायचं असेल तर त्याला हाणायचं. तलवारीने, काठीने, बाणाने, जे हातात असेल त्याने. त्याच्या अंगावरची जांभळी पट्टी मारून मारून संपवली की तो उठतो. एकाच लढाईत परत परत पडत गेलात तर पट्टीचे भाग वाढत जातात, तीनपर्यंत. म्हणून बॉसच्या पायाशी एकदा पडलेल्याला उठवणं सोपं, तिसऱ्यांदा पडलेल्याला उठवायला जाणारा बहुधा स्वतःच झोपतो. आमच्यात आता धनुष्यवाला आयर्नआय कायम असतो, कारण तो लांबूनच बाण मारून उठवतो. जवळ जाऊन शहीद व्हायची गरज नाही.

ही एक गोष्ट कळल्यावर आमच्यासाठी गेम निम्मा सोपा झाला. आणि रिव्ह्यूमध्ये "कोणी उठवतच नाही" असं लिहिणाऱ्यांना भेटलेले निम्मे सोबती टॉवेलसारखेच बटण शोधत असणार, अशी माझी खात्री आहे.

बाकीच्या तक्रारींचंही असंच भाषांतर करावं लागतं. "वेळच पुरत नाही" म्हणणारे तिघं तीन दिशांना पळत असतात. पाऊस आत सरकत येतो, नकाशा आवळत जातो, आणि जो एकटा मागे राहतो तो मरतो. मेला की हातातले रून्स (लेव्हल वाढवायचं चलन) सांडतात आणि एक लेव्हलही जाते. "बॉस मरतच नाही" म्हणणाऱ्यांनी मोहीम निवडतानाची स्क्रीन पाहिलेली नसते. बॉसला काय लागू पडतं याचं चिन्ह तिथेच असतं. पहिल्याच तीन तोंडांच्या कुत्र्याला 'होली' (पवित्र) गुणाचा मार लागतो, मग त्या गुणाचं हत्यार वाटेत शोधायचं. "औषध संपतं" म्हणणारे नकाशावरचं चर्च सोडून पुढे गेलेले असतात. तिथे औषधाच्या फ्लास्कची संख्या वाढते. गेममध्ये बोलायची सोय नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे नकाशावर खूण करणं किंवा सरळ ग्रुप कॉल. आम्ही कॉलच करतो, त्यामुळे टॉवेलच्या घरच्या मागाचा खडखडाट आम्हाला पार्श्वसंगीत म्हणून फुकट मिळतो.

दुसऱ्याच्या एसीतला रिव्ह्यू आपल्या उन्हाळ्याला लावणं

"माझ्याकडे एकदम स्मूद चालतो" लिहिणारा माणूस एप्रिलमध्ये सोलापुरात बसून खेळत नसतो. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा खोलीतली हवाच एवढी तापलेली असते की लॅपटॉपचा पंखा तीच गरम हवा आत ओढून बाहेर फेकतो. त्यात आपण लॅपटॉप ठेवतो गादीवर, चादर अंथरून. सोलापुरी चादर जगात भारी, पण खालची जाळी बंद करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. खाली लाकडी पाट ठेवा, लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचला.

गेमला दोष देण्याआधी बिघाड कुठला ते ओळखा. पहिली पंधरा मिनिटं छान आणि मग धक्के सुरू, तर ती गरमी. सुरुवातीपासूनच रखडत असेल तर ग्राफिक्स सेटिंग जास्त आहे किंवा मशीन कमी पडतंय. तुमचा हिरो नीट पळतोय पण मित्र आणि शत्रू इकडून तिकडे उड्या मारतायत, तर नेट. ते वायफायवर असेल तर आधी वायर लावा. घरातल्या फोनचं फोटो-बॅकअप थांबवा, मग कंपनीला शिव्या द्या. लाइट गेल्या गेल्या गेम रखडला तर घाबरू नका, बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. राउटरला मात्र छोटा यूपीएस लावाच.

'व्हर्मिनटाइड २' खेळणार असाल तर आणखी एक. २०१८ चा, चौघांनी उंदीर-माणसांची फौज कापायचा हा गेम चालतो खेळाडूंपैकीच एकाच्या मशीनवर. तो होस्ट लांब देशातला असेल तर लॅग (नेटचा उशीर) येणारच, आणि "सर्व्हर बेकार" लिहून काही होणार नाही. ज्याचं नेट सगळ्यात धड त्याने होस्ट व्हायचं. आणि चॅम्पियन या अवघड पातळीपासून तुमचे बाण-गोळ्या मित्रालाही लागतात, हे आधी सांगून ठेवा.

एक अडचण राहतेच. स्टीमवर रिव्ह्यूंच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, आपण सगळे इंग्रजीत लिहितो आणि आपली मतं जगभरच्या इंग्रजीत मिसळून जातात. ऑगस्ट २०२५ पासून मोठ्या गेमचा निकाल भाषेप्रमाणे वेगळा दिसतो, पण आपल्याला त्याचा फायदा नाही. म्हणून रिव्ह्यूंत 'इंडिया', 'मुंबई', 'पिंग' (नेटला लागणारा उशीर) हे शब्द शोधा. असली पाच मतं बाकीच्या पाचशेंपेक्षा कामाची.

दोन तास मेन्यूत घालवणं

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलात तर पैसे परत मागता येतात. हे दोन तास गेम उघडा असण्याचे, लढण्याचे नव्हेत. "थांब, जेवून आलो" म्हणून गेम चालू सोडलात तर तेही मोजले जातात. नाइटरेनची एक पूर्ण मोहीम साधारण पाऊण तासाची. म्हणजे नीट दोन मोहिमा बसतात. त्या तिघांनी एकाच वेळी, ठरवून, रात्री ज्या वेळी रोज खेळणार त्याच वेळी खेळा. दुपारी दोन वाजता नेट कसं चालतं याने काही सिद्ध होत नाही.

पाण्याच्या दिवशी मोहीम

हे कुठल्याच रिव्ह्यूत सापडणार नाही. ऑनलाइन मोहीम पॉज होत नाही, आणि सोलापुरात काही दिवसांआड येणारं पाणी तुमच्या बॉसची वाट बघत नाही. दुसरी रात्र, बॉसची पट्टी संपत आलेली, आणि आतून आवाज: "पाणी आलंय, मोटर लाव!" मी उठलो. माझा हिरो तसाच उभा राहिला, मग आडवा झाला. परत आलो तर टॉवेल आणि मावसभाऊ दोघं मिळून मला हाणत होते. उठलो एकदाचा. आता पाण्याचा दिवस ग्रुपवर पिन करून ठेवलाय.

परवा मी स्वतःचा रिव्ह्यू टाकला: महिना, तिघं मित्र, तिघं पीसीवर, वायरचं नेट, खोलीत कूलर, ९० तास, अंगठा वर. टॉवेलने वाचला आणि म्हणाला, "गेम कसा आहे ते लिहिलंच नाहीस की बे."