मारुती ८०० चं हेड परगावी पाठवताना

इंजिनाचा माल खोका आतून फोडतो, हे आधी डोक्यात घ्या. आमच्या पुण्यातल्या नाना पेठेत अजूनही लोक हेडभोवती (सिलिंडरवर झाकणासारखा बसणारा इंजिनाचा वरचा भाग) रद्दी कोंबतात, चिकटपट्टीचा अख्खा रोल संपवतात आणि वर 'काच आहे' असं खोटंच लिहून मोकळे होतात. गाडी खंबाटकीचा घाट चढेस्तोवर रद्दी दबलेली असते. मग हेडला हलायला जागा मिळते आणि दर खड्ड्याला ते पुठ्ठ्यावर आदळतं. थर्माकोलचा तर चुराच होतो. तेव्हा मऊ बिछाना घालत बसू नका, माल जखडा.

८०० च्या हेडमध्ये एक गोम आहे. तीन सिलिंडर, बहुतेक गाड्यांत सहा वाल्व्ह (हवा-धूर सोडणाऱ्या झडपा), आणि त्या उघडणारा दांडा, म्हणजे कॅम, हेडमध्येच. कॅम कसाही फिरवा, एखादा तरी वाल्व्ह दाबलेला राहतोच आणि फेसच्या, म्हणजे हेडच्या खालच्या सपाट बाजूच्या, बाहेर डोकावतो. हेड तसंच पालथं ठेवलं की वाल्व्ह वाकलाच म्हणून समजा. त्यामुळे रॉकर (कॅमचा दाब वाल्व्हवर देणारे हात) काढा, जागेचे नंबर टाकून वेगळ्या पिशवीत बांधा, आणि फेसवर स्टीलची पट्टी आडवी फिरवून बघा. कुठे अडली नाही तरच पुढे जा. स्पार्क प्लगही काढा. पोर्टमध्ये, म्हणजे हवा-धूर जायच्या भोकांत, लाल चिंधी कोंबा. पांढरी कोंबली तर बसवणारा ती आतच विसरतो.

आता १८ मि.मी. प्लायची फळी घ्या, हेडपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठी. फेसला तेलाचा हात, त्यावर जाड प्लास्टिक, मग पुठ्ठा. पुठ्ठा थेट फेसला लावू नका, ओल धरतो. हेड बोल्टच्याच भोकांतून चार लांब बोल्ट घालून मोठ्या वॉशरसकट फळीला आवळा. बेताने हं, ॲल्युमिनियम आहे, पान्याला लटकायचं काम नाही. फळीखाली दोन बॅटन (लाकडी पट्ट्या) मारा. बोल्टची डोकी टेकत नाहीत आणि हमालाची बोटं आत जातात. धरायला जागा असली की तो माल आपटत नाही.

क्रँकसाठी (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) दोन फळ्यांना अर्धगोल खाचा पाडा, मेन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गुळगुळीत भाग, त्यांत बसवा, वरून तशाच खाचांच्या फळ्या. जर्नलला ग्रीस, प्लास्टिक, वर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. पेटीला खिळे नकोत, स्क्रूच मारा. हादऱ्यांनी खिळे वर येतात. ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या धडाला, खोक्याची गरजच नाही. माउंटिंगच्या भोकांतून पॅलेटवर बोल्ट करा, वर प्लास्टिक आणि गोणपाट.

झाकण लावण्याआधी फोटो काढा. पत्ता आत एकदा, बाहेर दोन बाजूंना, आणि वजन मोठ्या आकड्यांत. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टची पावती) 'ओनर्स रिस्क', म्हणजे नुकसान मालकाचं, असं छापलेलं असेल तर महागाच्या मालाचा विमा वेगळा उतरवा. घेणाऱ्याला फोनवर सांगून ठेवा: सही करण्याआधी पेटी हलवून बघ, आत काही खुळखुळलं तर तिथेच ती उघड.