मोठ्या गाडीला पर्ल रंग मारताय? या चुका टाळा

एका लांब व्हॅनची बाजू आम्ही दिवसभर खपून रंगवली होती. शेडमधल्या दिव्यांखाली ती देखणी दिसत होती. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढली, आणि मागच्या चाकाच्या वर हातभर रुंदीचा गडद उभा पट्टा दिसला. समोर उभं राहिलं तर काहीच नाही, चार पावलं बाजूला जाऊन तिरपं पाहिलं की पट्टा हजर. रंग तोच, थिनर तोच, स्प्रे गनही तीच. त्या जागी मी गनचा रंगाचा कप भरायला थांबलो होतो आणि परत सुरुवात करताना गन थोडी जवळ धरली होती. एवढंच कारण.

पर्लमध्ये निम्मा रंग डब्यातून येतो आणि निम्मा हातातून. त्यातली चमक म्हणजे अभ्रकाचे अतिशय बारीक पापुद्रे. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइडचा पातळ थर असतो. प्रकाश त्या थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परततो, म्हणून बघण्याचा कोन बदलला की छटा बदलते. पापुद्रे सगळीकडे सारखे आडवे बसले तर रंग एकसंध दिसतो. कोट एखाद्या ठिकाणी जास्त ओला पडला तर ते ओल्या रंगात सरकतात, कुठे गोळा होतात, आणि ढगासारखे डाग किंवा पट्टे उमटतात. साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगात जी चूक दिसणारही नाही, ती इथे दिसते. गाडी जितकी लांब, तितकी ती दिसायला जागा जास्त.

म्हणून पहिली चूक गन उचलण्याआधीच होते: रंग थोडा थोडा करून बनवणं. एकाच शेड नंबरचे दोन डबेसुद्धा तंतोतंत सारखे असतील असं गृहीत धरू नका. सगळा बेस, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली जाणारा रंग, एका मोठ्या भांड्यात एकत्र करा, नीट ढवळा आणि मगच त्यातून काढायला लागा. पर्ल तळाशी बसतो, त्यामुळे प्रत्येक कप भरण्याआधी पुन्हा ढवळायचं आणि गाळूनच भरायचं. किती रंग लागेल याचा अंदाज डोळ्यांनी बांधू नका. एका जुन्या पॅनेलवर एक हात मारून किती रंग गेला ते मोजा, गाडीचं क्षेत्रफळ त्या पॅनेलच्या किती पट आहे त्याने आणि जितके हात मारायचे त्याने गुणा, आणि वर थोडा शिल्लक राहील इतका बनवा. अर्ध्या बाजूवर रंग संपणं यासारखं दुसरं संकट नाही.

तीन थरांचा पर्ल असेल, म्हणजे खाली ग्राउंड कोट, त्यावर अर्धपारदर्शक पर्ल आणि वर पारदर्शक क्लिअर, तर नमुना पट्टी केल्याशिवाय गाडीला हात लावू नका. पत्र्याच्या तुकड्यावर पूर्ण ग्राउंड मारा. मग टेप लावून एका भागावर पर्लचा एक हात, पुढच्यावर दोन, मग तीन, मग चार. सगळ्यावर क्लिअर मारा आणि वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघा. प्रत्येक हाताबरोबर छटा बदलते हे तिथे स्पष्ट दिसतं. जी पसंत पडेल तेवढेच हात, संपूर्ण गाडीवर. टपावर दोन आणि बाजूंना तीन असं झालं की गाडी दोन रंगांची दिसणार.

तयारीच्या बाबतीत बाकीचं तुम्हाला ठाऊक असेलच, पण दोन गोष्टी मोठ्या गाड्यांत हमखास सुटतात. एक, आधी घासणं आणि मग पुसणं. मेण, तेल आणि ग्रीस पत्र्यावर असतानाच काचपेपर चालवला तर ती घाण ओरखड्यांत दाबली जाते. आधी डीग्रीझरने पुसा, तेही दोन फडक्यांनी: एकाने ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. दुसरी गोष्ट, खिडक्यांच्या कडा आणि छताचे सांधे यांत भरलेलं सिलिकॉन. त्याच्यावर रंग धरत नाही, आणि त्याचा नुसता अंश पसरला तरी आसपास माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. ते पूर्ण खरवडून काढा आणि त्या जागी रंग धरणारं पॉलियुरेथेन सीलंट वापरा.

हवेचंही तसंच. छोटा कंप्रेसर एका दरवाज्याला पुरतो. लांब बाजूवर सलग चालवला की दाब उतरतो, फॅन, म्हणजे फवाऱ्याचा पसारा, अरुंद होतो आणि थेंब मोठे पडायला लागतात. वर कंप्रेसर तापला की पाइपमध्ये पाणी जमतं. हवेचा दाब गनचं ट्रिगर दाबलेलं असतानाच मोजा, बंद गनवरचा आकडा उपयोगाचा नाही.

आता मुख्य भाग. लांब बाजू रंगवताना बहुतेक लोक पाय एका जागी ठेवून हात फिरवतात. मनगट वळलं की गन कमानीत फिरते, मधोमध रंग जास्त आणि टोकांना कमी. गन पत्र्याला काटकोनात, साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा आणि पायांनी चाला. अशा लांब पट्ट्यांसाठी आधी कोरडा सराव करा: रंग न उडवता एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालून बघा, पाइप कुठे अडतो, फळी कुठे संपते. वरच्या भागासाठी सलग फळी लागते. शिडी हलवत रंगवलं की प्रत्येक शिडीच्या जागी एक जोड दिसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निदान निम्मा चढला पाहिजे. थांबायचंच असेल तर दरवाज्याच्या कडेला, मोल्डिंगवर किंवा कोपऱ्यावर थांबा, पॅनेलच्या मध्ये कधीच नाही. आणि थिनर संथ वाळणारा निवडा, नाहीतर परत येईपर्यंत आधीची कड कोरडी झालेली असते.

बेसने खालचा थर पूर्ण झाकल्यावर शेवटचा एक हलका हात मारायची सवय लावा: गन थोडी लांब, दाब थोडा कमी, ओव्हरलॅप जास्त. यातला हलका फवारा पापुद्र्यांना सारखं बसवतो. माझ्या त्या व्हॅनवर हा हात नीट मारला असता तर पट्टा बराचसा विरला असता.

टप आधी, बाजू नंतर. उलटं केलं तर टपाचा उडालेला फवारा ताज्या बाजूंवर खरखरीत बसतो. टप रुंद असेल तर दोघांनी दोन्हीकडून मधल्या रेषेपर्यंत यायचं, आणि दोघांनी आधी एकाच तुकड्यावर हात जुळवून पाहायचा.

पर्लच्या थरात धूळ बसली तर ती घासून तशीच सोडू नका. घासताना पापुद्रे कापले जातात आणि तिथे डाग पडतो. हलकं घासा, पुसा आणि त्यावर परत बेस मारा. क्लिअर मारण्याआधी गाडी दिवसाच्या उजेडात तिरपी पाहा. यावेळी दिसलेला पट्टा एका हातात सुटतो. क्लिअरखाली गेला की कितीही पॉलिश केलं तरी जात नाही, अख्खं पॅनेल परत करावं लागतं.

क्लिअरमध्ये घाई दोन प्रकारे नडते. बेसमधला थिनर उडायच्या आत क्लिअर मारला तर अडकलेली वाफ सुईच्या टोकाएवढे फोड करून बाहेर येते, किंवा काही दिवसांनी चकाकी मंदावते. पण फार उशीरही नको: बेस कंपनीने दिलेल्या मुदतीपलीकडे उघडा राहिला तर क्लिअर नीट धरत नाही. दुसरी घाई म्हणजे एकाच जाड हातात काम उरकणं. उभ्या बाजूंवर ओघळ तिथूनच येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्लिअर कडक करायला त्यात मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. वास येत नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे थोड्या फवाऱ्यानेही त्रास होतो. कापडी मास्क चालत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि पूर्ण अंग झाकणारा सूट हवा. मोठ्या गाडीला तासन्‌तास फवारा चालतो, म्हणून इथे ढिलाई करूच नका. मदतनीसालाही तेच साहित्य द्या.

ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. क्लिअर पूर्ण कडक होऊ द्या, मग छोट्या कडक ठोकळ्यावर १५०० चा वॉटर पेपर लावून फक्त उंचवटा घासा, २००० ने ओरखडे काढा आणि पॉलिश करा. घासताना पाण्याचा रंग बघत राहा. पांढरं दूध निघतंय तोवर तुम्ही क्लिअरमध्येच आहात. त्यात गाडीचा रंग दिसला की तिथेच थांबा, कारण क्लिअर संपून तुम्ही पर्लला लागलेला असता, आणि ते पॅनेल आता बेसपासून करायचं आहे.