युनिव्हर्सल रिमोट घेण्याआधी

युनिव्हर्सल रिमोट, म्हणजे घरातली सगळी उपकरणं चालवणारा एकच रिमोट, घेताना खोक्यावरचा ‘इतकी उपकरणं चालतात’ हा आकडा मी बघतच नाही. माझ्याकडे टीव्ही, रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र), ब्लू-रे प्लेअर आणि स्ट्रीमिंग स्टिक आहे. पंधरा उपकरणांचा रिमोट घेऊन करू काय?

त्याआधी घरातल्या जुन्या रिमोटची परीक्षा घ्या. पुढचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला, तर तो इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने आज्ञा देणारा. काहीच दिसलं नाही आणि टोक मुठीत घट्ट झाकूनही उपकरण चालतंय, तर बहुधा ब्लूटूथ किंवा रेडिओ. बऱ्याच स्ट्रीमिंग स्टिक आणि प्लेस्टेशन ५ याच जातीचे. त्यांच्यापुढे साधा इन्फ्रारेड रिमोट कितीही दाबा, ढिम्म हलणार नाहीत.

टीव्ही, साउंडबार आणि स्टिक एवढंच असेल तर खर्च कशाला? टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा; एचडीएमआय केबलने जोडलेली उपकरणं एकाच रिमोटने चालवण्याची ही सोय. सॅमसंगमध्ये ते अॅनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक या नावाने सापडेल. साउंडबार टीव्हीच्या एआरसी पोर्टला (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टला) जोडलेला असला की आवाजही टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो.

खरी गोम पॉवरच्या बटणात आहे. प्रत्येक बटण उपकरणाला एक कोड, म्हणजे संकेत, पाठवतं. एकाच कोडने चालू आणि त्याच कोडने बंद, असं असेल तर एका बटणावर सगळं सुरू करण्याची सोय अंगाशी येते: टीव्ही आधीच चालू असला, तर ‘सिनेमा’ दाबल्यावर रिसीव्हर जागा होतो आणि टीव्ही झोपतो. म्हणून चालू, बंद आणि प्रत्येक इनपुट यांचे वेगळे कोड रिमोटच्या यादीत आहेत का, ते विचारा. जुन्या रिमोटचे कोड उचलून घेणारा ‘शिकणारा’ रिमोट इथे फारसा कामाचा नाही. जुन्या रिमोटवर जे बटणच नाही, ते तो शिकणार कुठून? टीव्हीला जाग यायला काही सेकंद लागतात, तेव्हा दोन आज्ञांमध्ये थांबा टाकता यायला हवा.

अॅप आणि कंपनीच्या सर्व्हरवर पूर्ण अवलंबून असलेला रिमोट मी तरी घेणार नाही; कंपनीनेच हात काढून घेतला तर काय? लॉजिटेकने हार्मनी रिमोटचं उत्पादन २०२१ मध्ये थांबवलं, आणि ते या धंद्यातलं मोठं नाव होतं.

बंद कपाटात रिसीव्हर असेल तर इन्फ्रारेड आत पोहोचत नाही; मग रिमोटची आज्ञा आतपर्यंत पोहोचवणारा हब किंवा इन्फ्रारेड रिपीटर लागेल.

शेवटी रिमोट हातात घेऊन डोळे मिटा. आवाज आणि म्यूट अंगठ्याला न चाचपडता सापडले पाहिजेत. नुसत्या टचस्क्रीनचा असेल तर परत ठेवा.